उणे ब्याण्णव

"ताई, आत येऊ का?"

अंकुश चौगुले दाराबाहेर चपला काढून उभा होता. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायची कुणालाच परवानगी नव्हती. खोलीला एसी होता, जमिनीवर गालिचा होता, आणि धूळ गेली की मशीन बिघडतं असं कधीतरी कुणीतरी सांगून गेलं होतं. त्यामुळे कारखान्याचे मालकसुद्धा बूट बाहेर ठेवून पायमोज्यांवर आत येत. अंकुश मात्र 'या' म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबायचा. तो फाउंड्रीत साचे करायचा. तिथली काळी वाळू त्याच्या टाचांच्या भेगांत कायमची बसली होती आणि आमचा गालिचा पांढरट होता.

"या की. जेवण झालं?"

"झालं. एक इचारायचं हुतं." त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "यंदा माज्या नोकरीची पंचवीस भरत्यात."

"ठाऊक आहे. यादीत नाव आहे तुमचं."

"पयलं हाय न्हवं?"

मला हसू आलं. "अंकुश म्हणजे अं. तुमच्या आधी कोण येणार?"

"तसं न्हवं. सायबांच्या बी आदी न्हवं?"

"दर वर्षी असतंच की तसं."

"मग आईला आणतो," तो म्हणाला. "राधानगरीच्या वर आमचं गाव. गाडीतनं आणावी लागंल. ऐंशीच्या फुडं हाय, लई येळ बसवत न्हाई तिला. पयलं नाव म्हंजे लगीच हुईल."

मला वाटलं, आईच्या पाठीसाठीच चाललं आहे हे. मी म्हटलं, आणा खुशाल. तो जायला वळला आणि दारातच थांबला.

"ती एकडाव आलती हितं. मी लागलो त्याच साली, एकाहत्तरला. नागपंचमीच्या आदल्या दिशी. भाकरी आन् दिंडं बांदून, निम्मी वाट चालत आलती, मला भेटायला. गेटावर माजं नाव सांगितलं. गेटावरचं सायेब म्हनलं, नाव नगं, कामगाराचा तिकीट नंबर सांगा. तिला कुठला नंबर ठावं असायला? दोन तास हुबी ऱ्हायली आन् गेली माघारी. अजून म्हनती, तुज्या कारखान्यात तुजं नाव कुनाला ठावं न्हाई." तो हसला. "तवा म्हनलं, एकदा माइकवर ऐकू दे."

ही गोष्ट शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली. मी, विनया हुपरीकर, कोल्हापूरजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होते. प्रोग्रॅम मीच लिहायचे, प्रिंटरात कागदही मीच भरायचे, आणि एसी गळायला लागला की खाली बादलीही मीच लावायचे. कामगार मला कॉम्प्युटरवाल्या ताई म्हणत.

अंकुश ज्या यादीबद्दल बोलत होता ती खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची. लेथ मशीनला झेंडूची माळ, भट्टीला नारळ, क्रेनला हळदकुंकू. पूजा झाली की अंगणात मांडव, आणि ज्यांची नोकरीची पंचवीस वर्षं पुरी झाली त्यांना एकेक करून नावाने पुकारून मालकांच्या हस्ते मनगटी घड्याळ आणि नारळ. मालकांना सगळे काकासाहेब म्हणत.

कॉम्प्युटर यायच्या आधी ही यादी पर्सोनेल खात्यात टाइप व्हायची. आधी साहेबलोक, मग कारकून, मग कामगार. कामगारांची पाळी येईपर्यंत काकासाहेब थकलेले असत, जेवणाच्या वासाने मांडव अर्धा रिकामा झालेला असे, आणि नावं रेशनच्या रांगेसारखी उरकली जात. ह्यात काही चुकतं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

एक्याण्णव साली यादी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर निघाली. प्रिंटर ऐनवेळी अडला, कागद माझ्या हातून थेट मांडवात गेला आणि कुणी तो वाचून पाहिला नाही. पर्सोनेल मॅनेजर घोरपडे साहेब माइकवर उभे राहिले आणि पहिलं नाव त्यांनी वाचलं ते फाउंड्रीतल्या एका हमालाचं. ते थबकले. खाली नजर टाकली, मागचं पान पाहिलं, पण माइक चालू होता, म्हणून वाचत सुटले. आधी सगळे कामगार, अ पासून ह पर्यंत. सगळ्यांत शेवटी पाच साहेब. चौथ्या-पाचव्या नावापासून टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. काकासाहेब उठून म्हणाले, "पंप ज्यांच्या हातांतून जातो त्यांची नावं आधी. कुणाच्या डोक्यात आलं हे? फार चांगलं केलं."

आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगते, माझ्या डोक्यात काहीही आलेलं नव्हतं. मी स्वभावाने भित्री. घरात फोडणीचा तडतडाट झाला तरी दोन पावलं मागे सरणारी बाई मी, साहेबांना शेपटाला पाठवायची माझी काय छाती? मी फक्त नावं ओळीने लावायला सांगितली होती. कामगारांनी नोकरीचे फॉर्म मराठीत भरलेले होते, साहेबांनी इंग्रजीत, आणि आम्ही ती जशी होती तशीच मशीनमध्ये घातली होती. आमच्या कॉम्प्युटरला मराठीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं, त्याचं आम्हाला केवढं कौतुक होतं. मराठी नावं आधी का आली हे मलाही कळलं नव्हतं.

त्याच दुपारी घोरपडे साहेब खोलीत आले. रागात असूनही बूट मात्र काढून आले.

"हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत, मॅडम?"

"मी काही केलं नाही, सर. कॉम्प्युटरने अशी लावली."

त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. युनियनच्या शामराव डोंगळ्यांच्या कानावर हेच उत्तर गेलं तेव्हा त्यांना ते हुशारीचं वाटलं. "बाईंनी काय टोलवलाय बगा," असं त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं. चार दिवसांनी माझ्या घरी गुळाची ढेप आणि काकवीचा डबा आला. मी शामरावांनाही म्हटलं, मी काही केलं नाही हो. ते म्हणाले, "ठावं हाय, ठावं हाय," आणि डोळा मिचकावला.

त्यानंतर तो रिवाजच पडला. दर खंडेनवमीला कामगार आधी, दर वर्षी टाळ्या आणि दर गुऱ्हाळाला माझ्याकडे ढेप. पहिल्या वर्षी मी चार जणांना खरं सांगितलं, दुसऱ्या वर्षी दोघांना, आणि तिसऱ्या वर्षापासून नुसती हसायला लागले. फुकटचं कौतुक अंगावर चढतं आणि उबदार वाटतं, खोटं कशाला बोलू. यादी तशी का येते हे शोधायला पाच मिनिटं लागली असती, पण मी पाच वर्षांत तिकडे पाहिलं नाही.

शहाण्णवच्या ऑगस्टात कारखान्याने नवं मोठं मशीन घेतलं. जुनं होतं टेबलावरचं साधं, हे वेगळ्याच जातीचं, फ्रिजएवढं. त्याला दहा टर्मिनल, सगळ्यांवर मराठी दिसायचं. मी माझे सगळे प्रोग्रॅम त्यावर नेले. एक अक्षरही बदलावं लागलं नाही ह्याचा मला अभिमान वाटला आणि तो मी घरी दोनदा सांगितला.

अंकुश येऊन गेला त्यानंतर आठवड्याने घोरपडे साहेब कच्ची यादी पाहायला आले. यंदाची पंधरा नावं होती, अकरा कामगार आणि चार साहेब. प्रिंटर कुरकुरत चालला, मी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला पाठ होत्या, त्या एकेक करून सुटताना दिसल्या.

"वा," ते म्हणाले. "नवं मशीन शहाणं दिसतंय."

मी वाकून पाहिलं. वर चार साहेब होते. त्यांतही पहिलं नाव इंग्रजीत, ए. एन. घोरपडे. यंदा त्यांचीही पंचवीस भरत होती. अंकुश पाचवा होता.

"पक्की हीच काढा," ते म्हणाले आणि कागद घडी घालून खिशात ठेवून गेले.

अंकुशची आई राधानगरीच्या वरून गाडीत बसणार होती ती मी हो म्हटल्यावर.

जुनं मशीन अजून स्टोअरला गेलं नव्हतं, कोपऱ्यातल्या टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. मी त्याचं कव्हर काढलं. तीच यादी त्यावर चालवली, अंकुश पहिला आला. नव्यावर चालवली, अंकुश पाचवा. प्रोग्रॅम तोच, नावं तीच. मग मी चार ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात एकच प्रश्न होता, 'अ' हे अक्षर तुझ्या लेखी कितवा आकडा? नव्या मशीनने सांगितलं, एकशे चौसष्ट. जुन्याने सांगितलं, उणे ब्याण्णव.

मी खुर्चीत मागे टेकले. आता कळत होतं.

कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे आकडाच. एका अक्षराच्या जागेत दोनशे छप्पन्न आकडे मावतात. इंग्रजीने खालचा अर्धा आधीच धरलेला, त्यातलं ए म्हणजे पासष्ट. मराठी मागाहून आली म्हणून वरच्या अर्ध्यात बसली, अ म्हणजे एकशे चौसष्ट. आता ह्या वरच्या अर्ध्याचं काय करायचं ह्यावर मशीनवाल्यांत दोन मतं. काही जण शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत सरळ मोजतात. काही म्हणतात, ऋण आकडे लागतातच, तेव्हा वरचा अर्धा शून्याच्या खाली समजा. त्या रीतीने एकशे चौसष्टचे होतात उणे ब्याण्णव. ज्या सी भाषेत मी प्रोग्रॅम लिहायचे तिच्यात ह्यासाठी दोन शब्द आहेत, साइन्ड आणि अनसाइन्ड. ऋण हवे तर पहिला लिहायचा, नको तर दुसरा. आणि काहीच लिहिलं नाही तर? मी पुस्तक काढून ते पान वाचलं. काहीच लिहिलं नाही तर मशीन बनवणाऱ्याची मर्जी.

मी काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन नावांतलं आधी कोणतं हे ठरवणारा तुकडा माझ्या हातचा होता, श्री आणि डॉक्टर वगळून नावं लावायची म्हणून मी तो स्वतः रचला होता, आणि त्यात तो शब्द टाकायचं मला सुचलंच नव्हतं. जुनं मशीन मराठी अक्षरं शून्याखाली धरायचं. लहानातून मोठ्याकडे लावायला सांगितलं की शून्याखालचे सगळे आधी येणारच.

म्हणजे पाच वर्षं आमच्या कामगारांचा पहिला नंबर लागत होता, तो मशीन त्यांना शून्यापेक्षा कमी समजत होतं म्हणून. आणि त्या हिशेबावर मी गूळ खात होते. मला एकटीलाच बसल्या जागी लाज वाटली.

खरं तर आता काहीच करायची गरज नव्हती. नव्या मशीनने यादी लावली होती, पर्सोनेल मॅनेजर खूष होते, आणि कुणी विचारलं तर माझं जुनं उत्तर तयार होतं, मी काही केलं नाही, कॉम्प्युटरने अशी लावली. उत्तर यंदाही शंभर टक्के खरं ठरलं असतं.

अंकुशला निदान आधी सांगून टाकू म्हणून मी दुपारी फाउंड्रीत गेले. तो उकिडवा बसून पंपाच्या कवचाचा साचा दाबत होता. मला पाहून हात पुसत उठला.

"ताई, तुमी हिकडं? पायात बगा, वाळू हाय."

"अंकुश, ते यादीचं..."

"व्हय, सांगितलं आईला," तो म्हणाला. "भनीकडनं निरोप धाडला. लुगडं काडून ठेवलंय म्हनं तिनं. म्हनती, खरंच पयलं नाव हाय का फशिवतुयास? म्या परत सांगून धाडलं, कॉम्प्युटरवाल्या ताईंनी सवता सांगितलंय. तवा गप बसली." शेजारचे दोघेतिघे हसले. त्यांतला एक म्हणाला, "ताई हायत तवर फाउंड्रीला भ्या न्हाई."

मी, फोडणीला भिणारी, तिथे वाळूत उभी राहून ते ऐकून घेतलं. सांगायला आलेलं सांगितलं नाही. सांगणार तरी काय, मशीन बदललं म्हणून तुमचं नाव खाली गेलं?

परत खोलीत आले, चपला काढल्या आणि तो तुकडा उघडला. खरं तर मशीनला एकदाच आज्ञा देऊन सगळीच अक्षरं ऋण धरायला लावता आली असती, कुणाच्या नजरेलाही आलं नसतं. पण मला ते लपवून करायचं नव्हतं. अक्षर ठेवायच्या जागेआधी मी एक शब्द लिहिला, साइन्ड. त्याच्या शेजारी प्रोग्रॅममध्ये टीप लिहायची सोय असते, तिथे लिहिलं, 'मुद्दाम'. आणि यादी पुन्हा चालवली. अंकुश ज्ञानू चौगुले, साचा विभाग, पहिला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घोरपडे साहेब पक्की यादी न्यायला आले. कागद हातात घेतला आणि आठ्या परत जागच्या जागी आल्या.

"हे काय? त्या दिवशी तर बरोबर आली होती."

"त्या दिवशी मशीनने लावली होती, सर. आज मी लावलीय."

त्यांनी चष्मा काढला. "पाच वर्षं तुम्ही मला सांगताय, मी काही केलं नाही."

"पाच वर्षं खरंच केलं नव्हतं. ह्या वर्षी केलंय."

ते खुर्ची ओढून बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, एकशे चौसष्ट आणि उणे ब्याण्णवसकट. कारखान्याची नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला तो एकमेव माणूस, त्यामुळे त्यांनी न कंटाळता ऐकलं.

"म्हणजे जुनं मशीन चुकत होतं."

"नाही सर. दोन्ही बरोबर आहेत. सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या परीने घेतलं."

"मग घेऊ दे की नव्याला त्याच्या परीने. कुणाला बोलायला जागा नाही."

"अंकुशची आई येतेय, सर. पहिलं नाव ऐकायला."

"आणि माझे सासरे येतायत बेळगावहून," ते एकदम म्हणाले. "मंडळी येतायत. मलाही पंचवीसच वर्षं झालीत ना? दर वर्षी साहेबांची कुरकुर मी ऐकतो. एका वर्षी मशीन सुधारलं तर तुम्ही ते बिघडवलंत, आणि माझं नाव बारावं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते यादी वाचणारे, त्यांना स्वतःचं नाव कानावर पडायची हौस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि तरी मी मागे सरले नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. मी त्यांना अंकुशची ती जुनी गोष्ट सांगितली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भाकरी आणि दिंडं बांधून आलेली आई, गेटवरचे साहेब, तिकीट नंबर, आणि दोन तास.

घोरपडे साहेबांनी कागदावर अंकुशच्या नावावर बोट ठेवलं.

"एकाहत्तर म्हणालात?"

"हो."

"मी जूनमध्ये लागलो. टाइम ऑफिसला, हजेरीवर. पहिलं वर्षभर गेटवर मीच असायचो." त्यांनी चष्मा पुसला. "मला आठवत नाही हो. रोज कुणी ना कुणी यायचं. आई यायची, बायको यायची. सगळ्यांना तेच सांगायचो, नाव नको, नंबर सांगा. नावाने शोधायला आमच्याकडे यादीच नव्हती."

त्यांचं बोट कागदावरून खाली सरकत बाराव्या नावाशी थांबलं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझं नाव मराठीत टाकता येईल का?"

"येईल की. सांगा."

"आनंदराव नारायण घोरपडे."

मी टाइप केलं. बोटं थांबली. "सर, मग तुम्ही दुसरे येता. अं च्या मागे आ."

"बाराखडी येते मला," ते म्हणाले. "तिथेच टाका."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. अंकुशची आई पहिल्या रांगेत होती. खुर्चीची सवय नव्हती म्हणून तिने खुर्चीवरच मांडी घातली होती. हिरवं लुगडं, आणि मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. पलीकडे घोरपड्यांच्या मिसेस आणि पगडीवाले सासरे. मी मागे खांबाला टेकून उभी होते, कारण घोरपडे साहेबांनी मनात आणलं असतं तर अजूनही कुठूनही वाचायला सुरुवात करता आली असती.

ते माइकपुढे आले. घसा साफ केला.

"अंकुश ज्ञानू चौगुले. साचा विभाग."

कागदावर पुढे तिकीट नंबर छापलेला होता. तो त्यांनी वाचला नाही.

"हाय, हाय! आलाय त्यो!" पहिल्या रांगेतून म्हातारी ओरडली. सगळा मांडव हसला आणि मग जी टाळी पडली ती तिने स्वतः खुर्चीवरून उतरून, मागे वळून, सगळ्यांकडे पाहत ऐकून घेतली. अंकुश धुतलेल्या टाचांनी पायऱ्या चढला. काकासाहेबांनी घड्याळ त्याच्या मनगटाला बांधलं. तो खाली उतरला तेव्हा घोरपडे साहेबांनी पुन्हा घसा साफ केला.

"आनंदराव नारायण घोरपडे," त्यांनी वाचलं, कागद खाली ठेवला, आणि टेबलाला वळसा घालून स्वतःच काकासाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. फाउंड्रीवाल्यांनी त्यांनाही टाळ्या वाजवल्या. साहेबाचं पूर्ण नाव त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. सासरे खूष दिसले, जावई दुसरा आला हे काही कमी नव्हतं. उरलेले तीन साहेब मात्र शेवटी आले आणि तोंडं पाडून घड्याळं घेऊन गेले.

बाकी सगळं नेहमीसारखं झालं. यादी दर वर्षीसारखी, टाळ्या दर वर्षीसारख्या. ज्या वर्षी मी काहीतरी केलं त्या वर्षी काही वेगळं झालंय असं कुणाला वाटलंच नाही. मला त्याचं एवढं बरं वाटलं की मी दोन पेढे जास्त खाल्ले.

जेवणाआधी अंकुश आईला घेऊन माझ्याकडे आला. तिने मांडीवरचं फडकं सोडलं. आत दिंडं होती, गुळाची, वाफवलेली, थोडी दबलेली.

"नागपंचमी कवाच सरली," अंकुश संकोचून म्हणाला, "पर तिनं ऐकलं न्हाई."

"पंचवीस वरसामागची हायत," म्हातारी म्हणाली. "खा."

मी एक घेतलं. दुसरं घेतलं ते घोरपडे साहेबांना नेऊन द्यायला, पण ते तिला सांगितलं नाही.

"ताई," अंकुश म्हणाला, "नवीन मशीन आलंय म्हनून मी जरा भ्यालोच हुतो. म्हनलं, ह्ये काय करंल कुनाला ठावं. पर मशीन कुटलंबी असू दे, तुमी बसलाय न्हवं तितं."

पाच वर्षं ह्या वाक्याला माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं. ते मी त्या दिवशी दिलं नाही. "हो," म्हटलं. "बसलेय."

पुढच्या वर्षी, खंडेनवमीच्या महिनाभर आधी, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बुटांचे सात जोड लागले. साहेबलोक एकेक चिठ्ठी घेऊन आले होते, स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेली पूर्ण नावं. इतकी वर्षं इंग्रजीत सही केलेल्या दोघांना आपलं नाव लिहिताना खाडाखोड करावी लागली होती. एकाने खासगीत विचारलं, "मॅडम, उमाकांत म्हणजे साधारण कितवा येईल हो?" घोरपडे साहेबांनी सगळ्या चिठ्ठ्या तपासून खाली सही केली, तीही मराठीत.

त्यानंतर यादीत इंग्रजी नाव उरलंच नाही. फाउंड्री आणि ऑफिस, अ पासून ह पर्यंत, एकामागे एक. मी लिहिलेल्या त्या एका शब्दाला काही कामच राहिलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत तो तिथेच ठेवला, शेजारच्या टिपेसकट. ती यादी तू लावलीस का असं आता कुणी विचारलं तर मी सरळ हो म्हणेन. पण आता कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगितलं.